छोट्या प्रकाशकांचा खेळ दुसऱ्याला सुचवताना

‘घरी खेळायला पत्त्यांचा किंवा पटावरचा एखादा नवा खेळ सांगा’ असे कोणी म्हटले, की आपल्या आवडीचे नाव लगेच सांगून टाकण्याचा मोह आवरावा. खेळायला कोण आणि किती जण बसणार, वेळ किती आहे आणि सगळ्यांना इंग्रजी सहज वाचता येते का, हे आधी विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण छोट्या स्वतंत्र प्रकाशकांचे खेळ मराठीत सहसा नसतात, आणि पत्त्यापत्त्यावर इंग्रजी मजकूर असलेला खेळ आजीसमोर ठेवला तर दर खेपेला कोणीतरी तिच्या हातात डोकावून अर्थ सांगत बसते आणि तिचे पत्ते उघडे पडतात.

‘शासन’ हा मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबचा राजकारणावरचा खेळ मला मनापासून आवडतो. धोरणांवरील प्रश्नांना आपण जी उत्तरे देतो त्यांतून मतदार मिळवण्याची साधने हाती येतात, आणि उत्तरांवरून टेबलावर खरेखुरे वाद रंगतात. परंतु तो वाचून, बोलून, निवांत वेळ काढून खेळायचा खेळ आहे. कॉलेजातल्या मित्रांना मी तो निःशंक सुचवतो, सदाशिव पेठेतल्या तीन पिढ्यांच्या घराला सुचवत नाही.

तशा घरासाठी माझी पहिली निवड टोकियोच्या ओइंक गेम्सचा ‘स्काउट’ ही असते. केई काजिनो यांनी रचलेल्या या खेळाला 2022 मध्ये जर्मनीच्या ‘श्पील देस यारेस’ (वर्षाचा खेळ) पुरस्काराचे नामांकन मिळाले होते, तरी आपल्याकडे तो फारसा कोणाच्या घरात दिसत नाही. रमी किंवा मेंढीकोट खेळणाऱ्याला तो पाच मिनिटांत समजतो. प्रत्येक पत्त्यावर दोन आकडे असतात, एक वर आणि एक खाली, आणि हातात आलेले पत्ते लावायचे नाहीत, हा त्याचा मुख्य नियम. सुरुवातीला हवा तर सगळा हात उलटा धरता येतो, पण पत्त्यांचा क्रम तोच राहतो. शेजारी-शेजारी आलेले सारखे किंवा लागोपाठचे आकडे टाकून टेबलावरच्या पत्त्यांना मात द्यायची, आणि ते जमत नसेल तर टेबलावरच्या ओळीच्या टोकाचा एक पत्ता उचलून आपल्या हातात हव्या त्या जागी खोवायचा. आमच्या मावशीने पहिल्याच डावात वर्षानुवर्षांच्या सवयीने पत्ते चढत्या क्रमाने लावून टाकले आणि सगळे पुन्हा पिसावे लागले. तेव्हापासून हा नियम मी वाटणी होण्याआधीच सांगतो, आणि तो दोनदा सांगतो.

मुले अधिक असतील तर त्याच प्रकाशकाचा ‘डीप सी अॅडव्हेंचर’ सुचवावा. समुद्रात बुडी मारून खजिना काढणाऱ्यांच्या या खेळात 25 एकक प्राणवायू सर्वांचा सामायिक असतो आणि जो जितका खजिना उचलतो, तितका तो दर खेपेला घटतो. त्यामुळे एकाच्या हावेपायी सगळेच बुडू शकतात, हे दहा वर्षांच्या मुलालाही लगेच उमगते.

नाव सांगण्यापूर्वी तो खेळ मिळतो का, हे स्वतः पाहावे. छोट्या प्रकाशकांची आवृत्ती मर्यादित असते, आणि परदेशातून मागवायचे झाले तर टपालखर्च व सीमाशुल्क यांचा भार पडतो. अशा वेळी स्वतः छापून घेण्याजोगा खेळ सुचवणे शहाणपणाचे. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या बटन शाय गेम्सचा ‘स्प्रॉलोपोलिस’ केवळ 18 पत्त्यांचा आहे आणि त्याची छपाईची फाइल विकत मिळते. एकट्याने किंवा चौघांपर्यंत मिळून शहर वसवायचे. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला वस्तीचे चार चौकोन आणि दुसऱ्या बाजूला गुणांची अट असते. तीन पत्ते अटीची बाजू वर करून ठेवायचे आणि त्यांवरील आकड्यांची बेरीज हेच गाठायचे लक्ष्य. या अटी इंग्रजीत आहेत, पण डावात तीनच असल्याने सुरुवातीला मोठ्याने वाचून समजावल्या की पुरते.

ए-4 कागदावर 63 बाय 88 मिलिमीटरचे नऊ पत्ते बसतात, म्हणजे दोनच कागद पाठपोट छापायचे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात छपाईची दुकाने आहेत. तिथे 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड हा जाड, गुळगुळीत कागद मागावा आणि छपाई 100 टक्के आकारात करायला सांगावी. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून पत्ता पट्टीने मोजावा आणि कागद उजेडासमोर धरून दोन्ही बाजू एकमेकींवर नीट बसतात का ते पाहावे. मी एकदा ही तपासणी टाळली आणि सगळे पत्ते कडेला तिरके कापले गेले. फाइल मात्र व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवू नये. दोन-चार माणसांच्या प्रकाशनसंस्थेला विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीचा आधार असतो, आणि ज्याला खेळ आवडला त्याने ती स्वतः विकत घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो.

शक्य असेल तर पहिल्या डावाला स्वतः हजर राहावे. नियमपुस्तिका वाचून दाखवू नये; दोन चाली उघड्या पत्त्यांनी खेळून दाखवाव्यात आणि त्या डावात सगळ्यांनाच कच्चे लिंबू धरावे. त्यानंतर आपली प्रत आठवडाभर त्यांच्याकडेच राहू द्यावी. ‘स्काउट’ देताना मी डब्यात अर्ध्या पानावर मराठीत लिहिलेले नियम घडी घालून ठेवतो, आणि ‘पत्ते लावू नयेत’ ही ओळ लाल शाईने लिहितो.