एसएमपीएसचा ऑक्झिलरी सप्लाय डोलतोय? या चुका टाळा

टिक, टिक, टिक. सेकंदाला एक-दोनदा आवाज येतो, आऊटपुटची एलईडी क्षणभर उजळते आणि विझते. यूसी३८४२ या कंट्रोल आयसीवर चालणाऱ्या फ्लायबॅक एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये) हे लक्षण दिसलं की हात आधी आयसीकडे जातो, मग मॉसफेटकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे. बऱ्याचदा दोन्ही धडधाकट असतात. दुखणं असतं ते आयसीच्या ७ नंबरच्या पिनला मिळणाऱ्या ऑक्झिलरी सप्लायमध्ये, म्हणजे सुरू झाल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या, ऑक्झिलरी वाइंडिंगमधून आयसीला मिळणाऱ्या पुरवठ्यात.

या आयसीचे तीन आकडे पाठच हवेत. १६ व्होल्टला तो सुरू होतो, १० व्होल्टच्या खाली गेला की बंद पडतो आणि ३० व्होल्ट ही त्याची कमाल मर्यादा. पण मॉसफेटच्या गेटची मर्यादा बहुधा २० व्होल्टच असते आणि गेटला आयसीच्या सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्टच कमी मिळतात. सप्लाय २४ला गेला तर आयसी तक्रार करणार नाही, मॉसफेट मात्र कधीतरी उडेल. म्हणून चालू स्थितीत ११ ते १८ व्होल्ट एवढीच खरी जागा आपल्या हातात आहे.

झेनर लावून मोकळं होणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. सप्लाय वर जातोय म्हणून ७ नंबर पिन ते ग्राऊंड थेट १५ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड) ठोकला जातो. मग सेट सुरूच होत नाही. होणार कसा? सुरू व्हायला १६ लागतात आणि झेनर १५लाच अडवतो. १८चा लावला तर सुरू होईल, पण वाइंडिंगमधून येणारी जास्तीची ऊर्जा त्याच्यात जिरत राहते, तो भाजतो आणि एक दिवस शॉर्ट होतो. झेनर लावायचाच तर शेवटचं संरक्षण म्हणून लावा. व्होल्टेज स्थिर करायचं काम त्याच्यावर टाकू नका.

व्होल्टेज का चढतं ते न पाहणं

ऑक्झिलरी वाइंडिंगच्या वेढ्यांवरून १४ व्होल्टचा हिशोब केलेला असतो, नो लोडला १३ मिळतात, फुल लोडला मात्र २४. वेढे चुकलेले नसतात. मॉसफेट बंद होताना लीकेज इंडक्टन्समुळे (वाइंडिंग एकमेकींशी पूर्ण बांधलेल्या नसल्यामुळे) एक अरुंद स्पाइक उठतो. लोड जितका जास्त, तितका तो उंच. डायोड आणि कपॅसिटर मिळून त्या स्पाइकचं टोकच पकडून ठेवतात.

त्यावरचा पहिला उपाय काही रुपयांचा आहे: डायोडला सिरीजमध्ये १० ते ४७ ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर. स्पाइक इतका थोडा वेळ टिकतो की तेवढ्यात त्या रेझिस्टरमधून कपॅसिटर फारसा चढू शकत नाही. २२ ओहमपासून सुरुवात करा. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळत असाल तर ऑक्झिलरीचे आठ-नऊ वेढे बॉबिनच्या एका कडेला दाटून बसवू नका. पूर्ण रुंदीवर पसरून, सेकंडरीला चिकटून घाला. ऑक्झिलरी जितकी सेकंडरीशी बांधलेली, तितकी ती आऊटपुटच्या मागोमाग चालते.

रेग्युलेटर टाकताना स्टार्टअप विसरणं

लोड फारच बदलता असेल तर ट्रान्झिस्टरचा साधा रेग्युलेटर लागतोच. बीडी१३९ घ्या. कलेक्टरवर २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. कलेक्टर ते बेस २.२ किलोओहम, बेस ते ग्राऊंड १५ व्होल्टचा अर्ध्या वॅटचा झेनर. एमिटरकडून १एन४१४८ डायोडमार्गे ७ नंबर पिन. ट्रान्झिस्टरचे ०.७ आणि डायोडचे ०.७ वजा जाता पिनवर १३.६ व्होल्ट येतात. कलेक्टरला २८ आले आणि करंट २० मिलिअँप असला तरी ट्रान्झिस्टरमध्ये जेमतेम ०.२७ वॅट जातात. उलट कलेक्टर १३पर्यंत उतरला, तरी पिनवर ११च्या आसपास टिकतात.

एमिटरचा तो डायोड वाचवू नका. सेट सुरू होताना पिन १६ व्होल्टपर्यंत चढते, बेस मात्र अजून शून्याजवळ असतो. बीडी१३९चं बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेनं ५ व्होल्टच सोसतं. डायोड नसेल तर ते फुटतं आणि स्टार्टअपचा करंट तिथूनच मागे पळतो. मेनच्या मुख्य कपॅसिटरमधून सुरुवातीचा करंट देणारा स्टार्टअप रेझिस्टरही डायोडच्या पुढे, थेट पिनवर यायला हवा. कलेक्टरला जोडला तर पिन १३.६च्या वर जाणार नाही आणि सेट कायमचा मुका.

रेझिस्टर-कपॅसिटर अंदाजपंचे

२३० व्होल्टवर मुख्य कपॅसिटरला सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. १५० किलोओहमच्या स्टार्टअप रेझिस्टरमधून साधारण २ मिलिअँप येतात आणि ०.६ वॅट उष्णता होते. ती टाळायला कुणी ३३० किलोओहम घालतं. दुकानात टेबलावर सेट चालतो, गावाकडे संध्याकाळी मेन १७०वर आलं की चालत नाही. कारण तेव्हा ०.७ मिलिअँपही मिळत नाहीत आणि साध्या यूसी३८४२ला सुरू होण्याआधीच १ मिलिअँपपर्यंत लागू शकतो. ६८ आणि ८२ किलोओहम, एक-एक वॅटचे, सिरीजमध्ये लावा. दोन लावण्याचं कारण वॅट नव्हे, व्होल्टेज: ते दोघांत वाटलं जातं. पाव वॅटच्या कार्बन रेझिस्टरची मर्यादा तर बहुधा २५० व्होल्टच असते.

आयसी सुरू झाला की करंट १५-२० मिलिअँपवर जातो. आता ऑक्झिलरी वाइंडिंग ताबा घेईपर्यंत ७ नंबर पिनवरच्या कपॅसिटरनं एकट्यानं १६वरून १०पर्यंतची उतरण पेलायची असते. २२ मायक्रोफॅरड जेमतेम ६-७ मिलिसेकंद टिकतो, १०० मायक्रोफॅरड ३०. सॉफ्ट स्टार्ट (आऊटपुट हळूहळू चढवणारी सोय) असेल तर १००च घाला, १०५ डिग्रीचा, आणि हीटसिंकपासून लांब. शेजारी, पिन ७ आणि ५च्या अगदी जवळ, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक हवाच. जुन्या सेटमध्ये टिकटिक ऐकू आली तर पहिला संशय याच इलेक्ट्रोलिटिकवर घ्या. मायक्रोफॅरड ठीक दाखवूनही त्याचा ईएसआर (आतला रोध) दहा-वीस ओहम झालेला असू शकतो.

डायोड कुठलाही चालतो हा समज

ऑक्झिलरी वाइंडिंगच्या डायोडच्या जागी १एन४००७ चालत नाही. ६५ किलोहर्ट्झला तो वेळेत बंदच होत नाही, कपॅसिटरमधला करंट परत वाइंडिंगमध्ये सोडतो आणि तापतो. १एन४१४८ वेगवान आहे, पण व्होल्टेजला तोकडा. प्रायमरी ६० वेढे, ऑक्झिलरी ९ आणि डीसी ३७५ धरले तर डायोडवर उलट ५६ अधिक स्वतःचे २० व्होल्ट येतात, वर रिंगिंग वेगळं. यूएफ४००४ किंवा बीएव्ही२१ घाला.

तपासताना

प्रायमरीचं ग्राऊंड मेनशी जोडलेलं असतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय स्कोपची क्लिप तिथे लावू नका. मेन काढल्यावरही मोठा कपॅसिटर ४.७ किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरनं रिकामा करा आणि मीटरनं खात्री करून मगच हात घाला.

मग मेन बंदच ठेवून ७ नंबर पिनला बेंच सप्लाय द्या. १६च्या आसपास ८ नंबरला ५ व्होल्ट, ४ नंबरला करवतीसारखी लहर आणि ६ नंबरला पल्स दिसायला हवेत. सप्लाय हळूहळू उतरवा, १०जवळ सगळं थांबलं पाहिजे. एवढं जमलं तर आयसी निर्दोष.

पुढे सिरीज बल्ब लावून मेनवर सुरू करा. शॉर्ट नाही अशी खात्री झाल्यावर बल्ब काढा आणि पिनवरचं व्होल्टेज कमी मेन नो लोड आणि जास्त मेन फुल लोड, अशा दोन्ही टोकांना मोजा. शेवटी आऊटपुट क्षणभर शॉर्ट करा. पिनवरचं व्होल्टेज कोसळून टिकटिक सुरू झाली तर उत्तम, तेच संरक्षण आहे. ते तसंच उभं राहिलं, तर स्पाइक अजूनही सप्लाय पोसतोय आणि सेकंडरीचा डायोड भाजतोय. लगेच बंद करा आणि सिरीज रेझिस्टर २२चा ३३ करून पुन्हा मोजा.