‘आवडलं का?’ विचारणं बंद करा: प्रोटोटाइपपासून मुलाखतीपर्यंत

यूएक्सवरच्या, म्हणजे ॲप वापरणाऱ्याच्या अनुभवावरच्या, लेखांत निम्मी जागा फिग्मा हे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर शिकवण्यात जाते आणि मुलाखतीच्या वाट्याला ‘वापरकर्त्यांशी बोला’ एवढंच येतं. बोलायचं काय, ते कोणी सांगत नाही. इथे फिग्मा लवकर उरकतो. उदाहरण दूध उत्पादकांच्या ॲपचं घेऊ: डेअरीवर घातलेलं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल मोबाइलवर दाखवणारं.

१. काय शोधायचंय ते लिहा

‘ॲप कसं वाटतं?’ या प्रश्नातून हाती काही लागत नाही. ‘बिलातून पशुखाद्याचे पैसे कापलेत, हे या स्क्रीनवरून शेतकऱ्याला उमगतं का?’ हा प्रश्न कामाचा. असे दोन-तीन पुरेत.

२. प्रोटोटाइप

म्हणजे ॲपचा कच्चा नमुना. आधी कागदावर. पेन्सिलीने काढलेल्या स्क्रीनला लोक बिनधास्त नावं ठेवतात, चकचकीत स्क्रीन समोर आली की भीड पडते. मग फिग्मात फक्त त्या दोन-तीन प्रश्नांच्या वाटेवरच्या स्क्रीन बनवा. लॉगिन, सेटिंग, प्रोफाइल सोडून द्या.

आकडे मात्र खरे वाटले पाहिजेत. प्रत्येक ओळीत फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लिहून मोकळे झालात, तर शेतकरी पहिल्या नजरेत ओळखतो की हे खोटं आहे. सकाळ-संध्याकाळचं दूध सारखं लागत नाही. एखाद्या खऱ्या पावतीवरून आकडे घ्या, नाव आणि कोड बदला. नाहीतर सगळा वेळ ‘हा दर कुठला?’ यावर जाईल. शिवाय प्रोटोटाइप स्वस्त फोनवर, अक्षरं मोठी करून उघडून पाहा. इंग्रजीच्या मापाने ओळींतलं अंतर ठेवलं की मराठी वेलांट्या आणि उकार कापले जातात.

३. माणसं

‘पाच जण पुरेत’ हे सगळ्यांना पाठ असतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका माणसाकडून साधारण ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के. पण हे अडचणी शोधण्यापुरतं आणि एकाच प्रकारच्या लोकांपुरतं खरं आहे. धार काढून डेअरीवर दूध घालणारी बाई आणि घरातला फोन हाताळणारा मुलगा हे दोन प्रकार झाले. प्रत्येकातले तीन-चार जण घ्या.

निवड डेअरीच्या सचिवांवर सोडू नका. ते आपुलकीने गावातली सगळ्यात हुशार पोरं पाठवतील. वेळ दुपारची, जागा ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं घर.

४. मुलाखत

मला सगळ्यात जड गेलेली पायरी हीच. प्रश्नांची यादी हातात असूनही तासाभराने वहीत ‘चांगलं आहे’ याखेरीज काही उरत नाही, असं होऊ शकतं. कारण सरळ आहे. तुम्ही पाहुणे आहात. खुर्ची दिली, चहा टाकला. आता पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या कामाला वाईट कोण म्हणेल? ‘चांगलं हाय की’ हा पाहुणचाराचा भाग आहे, अभिप्राय नव्हे. म्हणून ‘आवडलं का?’ आणि ‘तुम्ही हे वापराल का?’ हे दोन प्रश्न कायमचे बंद. दुसरा तर जास्त घातक, कारण ‘वापरू की’ म्हणायला पैसे पडत नाहीत आणि कंपनीत त्याच उत्तराची स्लाइड बनते.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी स्पष्ट मागा. नाही म्हणाले तर वही आहेच. मग फोन खिशातच ठेवा आणि घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा: ‘मागचं बिल कधी मिळालं? हातात आल्यावर आधी काय बघितलंत?’ जमलं तर ती पावतीच काढायला सांगा. पावती समोर आली की माणूस मताबद्दल बोलायचं थांबतो आणि हकिगत सांगू लागतो. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच: मत नको, प्रत्यक्ष घडलेला प्रसंग विचारा.

आता प्रोटोटाइप द्या. ‘हे मी बनवलेलं नाही’ असं खोटं बोलायचा सल्ला बरेच देतात. मला तो पटत नाही. ‘हे अर्धवट आहे, कुठे अडतं ते शोधायला आलोय’ एवढ्याने काम होतं. काम सांगताना बटणावरचा शब्द उच्चारू नका. ‘बिल तपशील उघडा’ म्हटलं की ती वाचनाची परीक्षा होते. म्हणा, ‘या वेळी बिल कमी आलंय असं समजा. का, ते यात शोधा.’

आणि गप्प बसा. ‘मनातलं मोठ्याने बोला’ ही पद्धत पुस्तकात छान दिसते, पण अनोळखी माणसासमोर पुटपुटायला वयस्कर माणसांना अवघडल्यासारखं होतं. आग्रह करू नका, अंगठा कुठे थबकतो ते पाहा. ‘इथं दाबू का?’ असं विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ हे उत्तर उर्मट लागतं. ‘काका, मी इथं नसतो तर काय केलं असतंत?’ हे चालतं. ‘का दाबलंत?’ सुद्धा नको, त्यात जाब विचारल्यासारखं होतं. ‘दाबताना काय होईल असं वाटलं होतं?’ असं विचारा.

मग हमखास मुलगा येतो. ‘आन इकडं’ म्हणत आईच्या हातातून फोन घेतो आणि दोन सेकंदांत उत्तर काढून दाखवतो. सोबत दुसरा माणूस न्यायचा तो यासाठी. त्याने ‘गोठा दाखव’ म्हणत मुलाला बाहेर न्यावं. मात्र फोन हिसकावला गेल्याची नोंद करा. त्या घरात बिल नेहमी मुलगाच बघत असेल, तर आईसाठी मोठं बटण करून काही साधणार नाही.

कोणी अडकलं की समजावून सांगायची प्रचंड खाज येते. सगळं संपेपर्यंत ती दाबा. नंतर विचारलं तर जरूर शिकवा.

५. नोंदी

त्याच संध्याकाळी. डावीकडे जे पाहिलं ते, उजवीकडे तुम्ही लावलेला अर्थ. पाचपैकी तिघे अडले तर ‘पाचपैकी तिघे’ असंच लिहा, ‘६० टक्के’ नको.

६. दुरुस्ती

सगळ्यात जास्त अडवणारी एकच गोष्ट बदला, नव्या माणसांकडे जा. ऑफिसात वरिष्ठ ‘मग, आवडलं का लोकांना?’ असं विचारतीलच. तेव्हा चित्रफीत दाखवायची परवानगी मिळालेल्या एकाची अर्ध्या मिनिटाची फीत लावा: तो कापलेले पैसे शोधतोय आणि अंगठा चुकीच्या बटणावर तिसऱ्यांदा जातोय.