गोव्यात बसून बर्फाचा खंड लिहिताना

काल्पनिक दुनिया लिहू पाहणारी, गेमसाठी जग रचू पाहणारी मुलं मला बऱ्याचदा विचारतात, की घामाच्या धारांत राहून जीवघेण्या थंडीचा खंड लिहायचा कसा? मी गेली काही वर्षं माझ्या कथामालेसाठी थिजवन नावाचा असाच एक खंड रचते आहे. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

हिमदैत्य आणि शापित तलवारी सध्या बाजूला ठेवा. हा खंड माणसाला नेमका कसा मारतो, हे आधी ठरवा. ते ठरलं नाही तर थंडी नुसता मागचा पडदा होऊन राहते. त्यासाठी खऱ्या अंटार्क्टिकाचा अभ्यास हवाच. तिथं बर्फाचा थर सरासरी सुमारे 2 किलोमीटर जाड आहे, पण आतल्या पठारावर वर्षभरात पडणाऱ्या हिमाचं पाणी केलं तर ते 50 मिलिमीटरही भरत नाही. आपल्याकडे जुलैत एका दिवसात याहून जास्त कोसळतो. म्हणजे ते वाळवंट आहे. चहूकडे पाणी गोठून पडलंय, पण घोटभर प्यायचं तर आधी ते वितळवायला इंधन हवं.

हे कळलं आणि माझा थिजवन उभा राहिला. तिथं सोन्याला किंमत नाही, सीलच्या चरबीला आहे. दिव्यात चरबी किती घालायची हे घरातली म्हातारी ठरवते, आणि लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न चरबीच्या साठ्याचा असतो. राजा, चोरी, शिक्षा, सगळं त्या एका टंचाईतून आपोआप आलं.

वाऱ्याचंही तसंच. उंच पठारावरची थंड हवा जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडे सुसाट घसरते. म्हणून थिजवनातल्या घरांची दारं पठाराकडे पाठ करून आहेत, आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत दोर बांधलेले आहेत. वादळात तो दोर सुटला की माणूस स्वतःच्या अंगणात हरवतो.

आपण गोव्यात आहोत हे तर भाग्यच समजा. 1981च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम इथूनच निघाली, आणि वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताचं पहिलं स्थानक, दक्षिण गंगोत्री, हळूहळू बर्फाखाली गाडलं गेलं आणि सोडून द्यावं लागलं. पुढचं मैत्री खडकाळ जमिनीवर बांधलं. माझ्या थिजवनाची जुनी राजधानी तिथूनच सुचली. ती बर्फाखाली आहे आणि लोक धुराड्यातून आत उतरतात. अशा नोंदी वाचायला पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बैठक मारा.

आता अंगाला थंडी कळायला हवी. सकाळी मालीमच्या जेटीवर जा. ट्रॉलरसाठी बर्फाच्या लाद्या फोडतात, मासळीच्या क्रेटमध्ये तो चुरा फावड्यानं ओततात. घरी येताना थोडा बर्फ आणा, त्यात हात मिनिटभर बुडवा आणि लगेच सुतळीची गाठ सोडून पाहा. बोटं दिसतात, हलतात, पण गाठ कुठं आहे ते त्यांना कळत नाही. जळती काडी धरायला तर मन धजावत नाही. (मधुमेह असेल किंवा बोटांना रक्तपुरवठा कमी असेल तर हा प्रयोग करू नका.) आणि तो बर्फ जेमतेम शून्य अंशाचा. अंटार्क्टिकावर व्होस्तोक इथं 1983 साली उणे 89.2 अंश नोंदले गेले. माझ्या कथेतला शिकारी लांडग्यांनी मरत नाही. चकमक हातात असताना त्याला ती पेटवता येत नाही, म्हणून मरतो. हे पान मला जेटीनं दिलं.

पैशांचं थोडक्यात. नुसत्या मराठी कल्पनारम्य लेखनावर घर चालत नाही, त्यामुळे हातची नोकरी सोडू नका. मी भाषांतरं करते. गेम कंपनीकडे नमुना पाठवायचा असेल तर हजार वर्षांचा इतिहास लिहीत बसू नका, तो कुणी वाचत नाही. एक नकाशा, ऋतूंचं एक पान आणि त्या खंडातल्या एका साध्या माणसाचा एक दिवस एवढं पुरे. त्या दिवसात तो काय जाळतो, काय पितो आणि संध्याकाळी किती इंधन उरतं, हे मात्र त्यात असायलाच हवं.