बायोप्सीचा अहवाल आणि कर्करोगाचा टप्पा कसा वाचावा

कर्करोगाचे निदान झाल्याचे कळताच आप्तेष्टांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कितवी स्टेज?’ हाच असतो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु बायोप्सीचा, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, अहवाल हातात पडताच थेट टप्प्याचा आकडा शोधणे ही वाचनाची उलटी रीत झाली, कारण कर्करोग कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या पेशींचा हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून आधी प्रकार, मग ग्रेड आणि शेवटी टप्पा, या क्रमाने वाचावे.

प्रकार ओळखण्यासाठी नावाच्या शेवटाकडे पाहावे. ‘कार्सिनोमा’ म्हणजे त्वचेच्या किंवा अवयवांच्या अस्तराच्या पेशींत सुरू झालेला कर्करोग. त्याआधी ‘ॲडिनो’ असेल तर त्या पेशी ग्रंथींच्या आणि ‘स्क्वॅमस’ असेल तर चपट्या असतात. हाडे, स्नायू, चरबी यांत उद्भवतो तो ‘सार्कोमा’. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे रक्त, लसिका (लिम्फ) संस्था आणि अस्थिमज्जेशी संबंधित आहेत. याच ओळीत ‘इन सिटू’ की ‘इन्व्हेजिव्ह’ हेही पाहावे: पहिल्यात विकृत पेशी मूळ थरातच असतात, तर दुसऱ्यात त्यांनी तो थर ओलांडलेला असतो. फुप्फुसातील गाठीत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आढळल्या, तर तो फुप्फुसाचा नव्हे, स्तनाचाच पसरलेला कर्करोग असतो आणि उपचारही त्यानुसारच ठरतात.

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत फार होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सामान्य पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात हे ग्रेड सांगते, तर रोग शरीरात किती पसरला आहे हे स्टेज सांगते. त्यामुळे ‘ग्रेड ३’ वाचून तिसरा टप्पा समजणे चूक आहे. पुरस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या बाबतीत ग्रेडसाठी ग्लीसन गुणांक दिलेला असतो. व्यवहारात तो ६ ते १० असा नोंदवला जात असल्याने त्यातील ६ ही सर्वांत खालची पायरी ठरते, पण दहापैकी सहा असे समजून अनेकजण उगाच धास्तावतात.

टप्प्यासाठी बहुतेक घन गाठींकरिता टीएनएम पद्धत वापरतात. फ्रेंच शल्यचिकित्सक पिअर डेन्वा यांनी ती १९४३ ते १९५२ या काळात विकसित केली. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथी आणि एम म्हणजे दूरच्या अवयवांतील प्रसार. एखाद्या अहवालात ‘टी२ एन१ एम०’ असे लिहिले आहे असे धरू. स्तनाच्या कर्करोगात टी२ म्हणजे २ सेंटिमीटरपेक्षा मोठी, पण ५ सेंटिमीटरपर्यंतची गाठ. मोठ्या आतड्यात मात्र आकार मोजला जात नाही, तेथे टी२ म्हणजे रोग आतड्याच्या स्नायूंच्या थरापर्यंत पोहोचला आहे. केवळ शारीरिक विस्तार पाहिला तर हीच तीन अक्षरे स्तनात दुसऱ्या टप्प्याचा ‘बी’ उपगट दर्शवतात आणि आतड्यात तिसऱ्या टप्प्याचा ‘ए’. शेजारच्या रुग्णाच्या टप्प्याशी आपली तुलना का करू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. पॅपिलरी प्रकारच्या थायरॉइड कर्करोगात तर ५५ वर्षांखालील रुग्णाला दूरवर प्रसार असतानाही दुसराच टप्पा दिला जातो, आणि ल्युकेमियाला ही पद्धत लागूच होत नाही.

अक्षरांपूर्वीची खूणही वाचावी: ‘सी’ म्हणजे तपासणी व स्कॅनवरून केलेला अंदाज, ‘पी’ म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेल्या भागावरून ठरलेली अवस्था, आणि ‘वाय’ म्हणजे केमोथेरपी किंवा रेडिएशननंतरची नोंद. ‘एनएक्स’ म्हणजे शून्य नव्हे. ग्रंथींचे मूल्यमापन करता आले नाही, इतकाच त्याचा अर्थ. आतड्याच्या अहवालात ‘एन०’ असेल तर किती ग्रंथी तपासल्या हेही पाहावे, कारण किमान १२ तपासणे अपेक्षित असते.

लक्षणे नसताना केलेल्या चाळणी चाचणीचा (स्क्रीनिंगचा) अहवाल हा निदानाचा अहवाल नसतो, हेही ध्यानात ठेवावे. मॅमोग्राफीवरील (स्तनाच्या एक्स-रेवरील) ‘बायरॅड्स ४’ ही संशयाची श्रेणी आहे, चौथा टप्पा नव्हे. संशयास्पद भाग दिसला आहे, बायोप्सी करावी, एवढेच ती सांगते. वय, तंबाखू, कुटुंबातील आजार यांसारखे जोखमीचे घटक अशी चाचणी कधी सुरू करावी हे ठरवताना महत्त्वाचे असतात. थायरॉइडमधील वयासारखे अपवाद सोडले तर टीएनएमच्या हिशोबात ते येत नाहीत.

पुढे रोग उलटला तरी निदानाच्या वेळचा टप्पा बदलत नाही. पुनरुद्भवाची नोंद स्वतंत्रपणे होते. दुसरे वैद्यकीय मत घ्यायचे असल्यास केवळ छापील कागद न नेता बायोप्सीच्या स्लाइड्स आणि तो तुकडा जतन केलेले मेणाचे ब्लॉकही मागून घ्यावेत, कारण दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला वाक्ये नव्हे, पेशी पाहायच्या असतात.