जेपर्डीची संध्याकाळ : अ‍ॅलेक्स ट्रेबेकचा शेवटचा भाग मराठीत कसा आठवावा

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत संध्याकाळचं जेवण आणि ‘जेपर्डी!’ हा टीव्हीवरचा प्रश्नमंजुषेचा खेळ हे समीकरण वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. सप्टेंबर १९८४ पासून सूत्रधार एकच, अ‍ॅलेक्स ट्रेबेक. त्यांचा शेवटचा भाग ८ जानेवारी २०२१ ला दाखवला गेला. तो चित्रित झाला होता २९ ऑक्टोबर २०२० ला, आणि ८ नोव्हेंबरला ते गेले. म्हणजे हा आपला शेवटचा भाग आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यात निरोपाचं भाषण नाही, हुंदका नाही. नेहमीसारखा खेळ झाला आणि संपला. त्यामुळे आठवणीच्या संध्याकाळी हारतुरे आणि मनोगतं नकोत. नीट वेगात एक डाव खेळा.

फलक आधी करून ठेवा. २२ × २८ इंची कार्डशीट आडवं धरा. त्यावर सहा उभे रकाने, वर विषयाचं नाव आणि खाली पाच चिकटचिठ्ठ्या (३ × ३ इंची बरोबर बसतात). पहिल्या फेरीत २०० ते १०००, दुसरीत ४०० ते २००० गुण. अशी दोन कार्डशीटं, साठ सूत्रं (खेळाडूंना वाचून दाखवायची माहितीची वाक्यं) आणि शेवटचं एक, एकूण एकसष्ट. २००१ च्या नोव्हेंबरपर्यंत हे आकडे निम्मे होते. जुन्या चाहत्यांना १०० ते ५०० चा फलक दिलात तर ते खूश होतील. ट्रेबेकवर मात्र एकच रकाना ठेवा. बारापैकी चार रकाने त्यांच्यावर केले की उरलेले पाहुणे फोन काढून बसतात.

खरी मेहनत सूत्रांची. इथे प्रश्न विचारायचा नसतो, माहिती द्यायची असते आणि खेळाडूने प्रश्नाच्या रूपात उत्तर द्यायचं असतं. मराठीत दोन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला लिंगाचा. ‘हा’, ‘ही’, ‘हे’ लिहिलं की अर्धं उत्तर फुटतं. ‘भीमाशंकरच्या जंगलात हे उंच झाडावर घरटं बांधतं’ असं लिहिलंत तर वाघ, बिबट्या, खार सगळे आपोआप बाद. ‘याचं घरटं भीमाशंकरच्या जंगलात उंच झाडावर असतं’ असं फिरवा. शेकरू थोडं तरी लपतं. माणसांसाठी ‘यांनी’ वापरा, त्यात बाई की पुरुष ते कळत नाही.

दुसरा शब्दक्रमाचा. इंग्रजीत प्रश्नाचे शब्द आधी येतात, त्यामुळे बोलता बोलता आठवायला क्षणभर मिळतो. मराठीत ‘रायगड’ आधी तोंडातून जातं आणि ‘म्हणजे काय?’ राहून जातं. मूळ खेळाचाच नियम लावा : पहिल्या फेरीत सूत्रधाराने आठवण करून द्यायची, दुसऱ्या फेरीत नाही, थेट चूक. ‘कोण’च्या जागी ‘काय’ आलं तरी चालतं, प्रश्न असला म्हणजे झालं.

सूत्र वीस शब्दांच्या आत ठेवा आणि दुसऱ्या कुणाला वाचून दाखवा. त्याला दोन उत्तरं सुचली तर ते सूत्र बाद. १००० चं सूत्र म्हणजे कुणी न ऐकलेलं नाव नव्हे. उत्तर ओळखीचं असावं, वाट आडवळणाची.

आता घंटी. तीन खेळाडू, तीन वेगळे आवाज : सायकलची घंटी, देवघरातली घंटा, वाटी-चमचा. सूत्र पूर्ण वाचून होईपर्यंत वाजवायचं नाही. चौथ्या माणसाने शेवटच्या शब्दाला टॉर्च लावायचा, मग वाजवायचं. खऱ्या मंचावर घाई करणाऱ्याचं बटण पाव सेकंद बंद पडतं. घरी पाव सेकंद मोजणार कोण? आधी वाजवणाऱ्याने बाकी दोघांना संधी मिळाल्यावरच पुन्हा वाजवायचं. वाजवायला पाच सेकंद, उत्तराला पाच सेकंद. चुकलं की तेवढे गुण वजा. हिशेब वेगळ्या माणसाकडे द्या. सूत्रधाराने दोन्ही केलं की वेग जातो.

डेली डबल, म्हणजे स्वतःचे गुण पणाला लावायचं लपवलेलं सूत्र, पहिल्या फेरीत एक, दुसरीत दोन. चिठ्ठीच्या मागे खूण करा, शक्यतो खालच्या ओळींत. ज्याने ती चिठ्ठी निवडली तोच खेळतो. कमीत कमी ५ गुण लावायचे, जास्तीत जास्त हातातले सगळे; हातात कमी असतील तर त्या फेरीतल्या सर्वात मोठ्या आकड्याइतके.

सूत्रधाराचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी ट्रेबेक सगळी सूत्रं वाचून उच्चार तपासून घेत, आणि दिवसाला पाच भाग होत. तुम्ही एका डावासाठी एकदा तरी मोठ्याने वाचा. ‘कोण होणार करोडपती’ची ढब इथे आणू नका : ‘पक्कं ना?’ नाही, गप्पा नाहीत. ‘बरोबर’ किंवा ‘नाही’, लगेच पुढचं. गप्पांसाठी पहिल्या फेरीच्या मध्यावर प्रत्येकी एक मिनिट पुरतं.

अंतिम सूत्र शून्याच्या वर गुण असणाऱ्यांनाच. आधी विषय सांगा, किती गुण लावणार ते कागदावर लिहून घ्या, मग सूत्र वाचा आणि तीस सेकंद द्या. सर्वात कमी गुणवाल्याचा कागद आधी उघडा.

इथे कुणीतरी उत्तराऐवजी ट्रेबेकसाठी प्रेमाची ओळ लिहीलच. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एका स्पर्धकाने तसं केलं होतं. ते वाचताना ट्रेबेक यांचा आवाज दाटला, पण त्याने लावलेले १,९९५ डॉलर त्यांनी कापले आणि पाचच उरल्याचं सांगितलं. तुम्हीही कापा.