आधी चित्र, मग बोली

खानदेशात चित्रकथा तोंडी भाषांतराने बोलीत आणायच्या असतील तर मराठी मजकूर आधी वाचून दाखवू नका, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. वाचून दाखवला की सांगणारी बाई शब्दामागे शब्द ठेवत जाते. त्यातून निघते ती अहिराणी, म्हणजे खानदेशची बोली, असते खरी, पण ओट्यावर तशी कुणी बोलत नाही.

पुस्तक सांगणाऱ्या बाईंच्या हातात द्या. पानं निवांत उलटू द्या, गोष्टीचा धागा दोन वाक्यांत सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून गप्प बसा. चित्रं मात्र निवडून घ्या. एकाच पानावर तेच पोर दोनदा काढलेलं असलं की पुस्तकाची सवय नसलेल्या माणसाला ती दोन भावंडं वाटतात, आणि तिथून गोष्ट दुसरीकडेच जाते. साक्रीकडच्या एका आजींनी त्या दोघांमध्ये भांडणही लावून दिलं होतं. फार सुंदर सांगितलं त्यांनी, पण मूळ गोष्ट ती नव्हती. टोपलीचा आकार, शेतातलं पीक बदललं तर बदलू द्या. घटनांचा क्रम सांभाळा.

उतरवून घेताना कानावर विश्वास ठेवा. त्या 'केयी' म्हणाल्या तर 'केयी'च लिहा, केळी नको. कुठल्या गावची बोली तेही नोंदवा. साक्रीची अहिराणी, यावल-रावेरची लेवा गणबोली आणि धडगावची पावरी एकाच पिशवीत भरता येत नाहीत.

सातपुड्यात जायचं तर वेळ बघून. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात, होळीला परततात. खाली सपाटीवर कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळशिवाय कुणी मोकळं नसतं. दिवसा बसवलंत तर बुडालेली रोजंदारी द्या. माझ्या मते यावर वाद नसावा.

लिहिलेली गोष्ट शेजारच्या गावात, ती न ऐकलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि त्यांनाच परत सांगायला लावा. जिथे अडखळतात तिथे स्वतः दुरुस्ती करू नका, सांगणाऱ्या बाईकडे पुन्हा जा.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याच्या, म्हणजे कुणालाही भाषांतर करता येईल अशा, गोष्टी मिळतात आणि भाषांतरकाराचं नाव देता येतं. तिथे आपलं एकट्याचं नाव टाकू नका. गोष्ट सांगणाऱ्या आजींचं नाव कसं छापायचं ते त्यांनाच विचारा, आणि त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग नातवाच्या मोबाईलवर देऊनच गावातून निघा.