वेजच्या झिजलेल्या खाचा पूर्ववत कशा कराव्यात

वेज म्हणजे चेंडू उंच उडवून जवळच्या अंतरावर टाकण्यासाठीचा गोल्फचा क्लब (काठी), आणि त्याच्या डोक्याच्या पृष्ठभागावर आडव्या खाचा असतात. खाचा झिजल्या म्हणून दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या वेजपैकी पुष्कळ वेज प्रत्यक्षात झिजलेले नसतात, नुसते मळलेले असतात. माती, गवताचा रस आणि वाळूची भुकटी यांचा थर खाचेच्या तळाशी वाळून इतका घट्ट बसतो की तो धातूच वाटू लागतो. म्हणून अवजार हातात घेण्याआधी क्लबचे डोके साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावे, नायलॉनच्या ब्रशने घासावे आणि प्रत्येक खाच लाकडी टोकाने कोरून घ्यावी. पाणी उकळते नसावे, कारण दांडा आणि डोके यांना जोडणारा गोंद उष्णतेने सैल पडतो. एवढ्यानेच खाच खोल दिसू लागली, तर पुढचे काहीही करण्याची गरज नाही.

झीज खरोखर झाली आहे का, हे ठरवण्यासाठी नवा क्लब शेजारी ठेवावा लागत नाही. सर्वांत वरच्या एकदोन खाचांना चेंडू क्वचितच लागतो, त्यामुळे त्यांचा मूळ आकार टिकून असतो आणि आपल्याला हवे ते माप त्याच क्लबवर मिळते. मऊ प्लॅस्टिसिनचा (मुलांच्या खेळातल्या रंगीत मातीचा) गोळा आधी वरच्या खाचेवर आणि मग खालून तिसऱ्या-चौथ्या खाचेच्या मधोमध दाबून उचलावा. गोळ्यावर खाचेची उलटी कड, म्हणजे उंच रेघ, उमटते. भिंगाखाली दोन्ही कडा शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो: वरच्या खाचेची कड उंच आणि सरळ उतारांची असते, तर झिजलेल्या खाचेची बुटकी आणि खांद्यांशी गोलसर. हे दोन्ही ठसे जपून ठेवावेत, कारण काम कुठे थांबवायचे हे नंतर तेच सांगणार आहेत.

अवजाराने काय होते आणि काय होत नाही

खाचांचे काम टायरवरच्या नक्षीसारखे आहे: चेंडू आणि क्लबचा पृष्ठभाग यांच्यामध्ये सापडलेले पाणी व चिरडलेले गवत यांना जागा करून देणे. कोरड्या, स्वच्छ जागेवरून मारलेल्या फटक्यात फिरकीचा मोठा वाटा पृष्ठभागाच्या बारीक खरखरीतपणाचा आणि घर्षणाचा असतो. खाचांचे महत्त्व ओल्या व उंच गवतात कळते. याचा अर्थ असा की अवजाराने खाच मोकळी करता येते, पण दोन खाचांमधल्या सपाट पट्टीवरचे कारखान्यात कोरलेले सूक्ष्म पोत परत आणता येत नाही. पट्टी जिथे गुळगुळीत होऊन चमकू लागली आहे, तिथे चेंडू हिरवळीवर पहिल्यासारखा थांबेल ही अपेक्षाच ठेवू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अवजार धातू काढू शकते, भरू शकत नाही. झिजताना पृष्ठभाग खाली गेलेला असतो आणि कडा गोल झालेल्या असतात. कडा पुन्हा तीक्ष्ण करायच्या तर खाच रुंद केल्यावाचून मार्ग नसतो. म्हणून ‘खाचांना धार लावा’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मान्य नाही. आपल्याला तळ खरवडून खोली मिळवायची आहे, कडांना हातही लावायचा नाही.

हा आग्रह नियमांमुळेही धरावा लागतो. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या उपकरण नियमांनुसार खाचेची रुंदी ०.९ मिलिमीटरपेक्षा आणि खोली ०.५०८ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. दोन खाचांमधले अंतर खाचेच्या रुंदीच्या किमान तिप्पट आणि १.९०५ मिलिमीटरपेक्षा कमी नसलेले असावे लागते. १ जानेवारी २०१० पासून तयार झालेल्या, २५ अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्टच्या (पृष्ठभागाच्या मागे झुकलेल्या कोनाच्या) क्लबांना आणखी दोन अटी आहेत. कडेची गोलाई ०.२५४ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण नसावी, आणि खाचेच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाला रुंदी व अंतर यांच्या बेरजेने भागल्यास उत्तर ०.०७६२ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. सगळेच वेज या लॉफ्टमध्ये येतात.

लोक फक्त ०.९ चा आकडा लक्षात ठेवतात आणि तिथेच फसतात. समजा, खाच ०.७५ मिलिमीटर रुंद आहे आणि शेजारची पट्टी २.३ मिलिमीटरची. पट्टी तिपटीपेक्षा किंचित जास्त आहे, म्हणजे क्लब नियमात बसतो. आता प्रत्येक खाच ०.०५ मिलिमीटरने रुंदावली, तर खाच ०.८० होते, पट्टी २.२५ उरते आणि तिपटीची अट मोडते. रुंदीची मर्यादा मात्र अजून बरीच दूर असते. केसाच्या जाडीएवढा धातूदेखील इथे निर्णायक ठरतो. नियमांप्रमाणे रुंदी पृष्ठभागाशी ३० अंशांची स्पर्शरेषा जिथे कडेला टेकते तिथून मोजतात, त्यामुळे व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) घेतलेले माप अंदाजापुरतेच समजावे.

गंमत अशी की खेळून खेळून झिजलेला क्लब नियमांच्या दृष्टीने नियमबाह्य होत नाही, पण हौसेने दुरुस्त केलेला होऊ शकतो. अशा नियमबाह्य क्लबने स्पर्धेत एक फटका जरी मारला तरी खेळाडू बाद ठरतो. नुसता पिशवीत असला तर शिक्षा नाही, पण सोबत नेता येणाऱ्या जास्तीत जास्त चौदा क्लबांच्या मोजणीत तो धरला जातो. मनात शंका असेल तर असा वेज सरावापुरता ठेवावा.

अवजार आणि मांडणी

कार्बाइडचे किंवा कठीण पोलादाचे, खाचेपेक्षा अरुंद आणि इंग्रजी व्ही आकाराचे टोक असलेले हातअवजार घ्यावे. २०१० नंतरच्या खाचांच्या भिंती तिरक्या असतात. चौकोनी टोक त्यांत तळापर्यंत पोहोचत नाही, वरच्या कडाच कापत बसते. हॅकसॉचे पाते वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये, कारण दातांना दिलेल्या वाकामुळे पात्याचा काप त्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो. त्रिकोणी कानस भिंतींचा कोनच बदलून टाकते. विजेवर फिरणारे अवजार तर या कामात नकोच, कारण एकदा घसरले की पृष्ठभागावर उमटलेली रेघ कायमची राहते. पट्ट्यांवर लेसरने कोरलेल्या बारीक रेषा असलेले वेज या कामाला घेऊ नयेत.

क्लब व्हाइसमध्ये रबरी पकड लावून असा धरावा की पृष्ठभाग आडवा आणि वर राहील. दांडा ग्रॅफाइटचा असेल तर तो व्हाइसमध्ये आवळू नये, डोके धरावे. प्रकाश एका बाजूने, पृष्ठभागालगत तिरपा येऊ द्यावा, म्हणजे खाचेत सावली पडून तळ दिसतो. चष्मा लावावा.

खरवडणे

सगळे काम या टप्प्यावर बिघडते किंवा साधते. बहुतेक मार्गदर्शनात ‘अवजार खाचेत ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा फिरवा’ एवढेच सांगितलेले असते, आणि नेमके तसे केले की खाचेच्या शेवटी टोक उसळून बाहेर येते आणि पट्टीवर ओरखडा उठतो. माझा हात या जागी बराच काळ बसत नव्हता. जोर कमी करून, पकड बदलून, अवजार बदलून काही साधले नाही. दिशा बदलली तेव्हा साधले.

खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढूच नये. अवजार खाचेच्या टोकाशी ठेवावे, आत मध्यापर्यंत ओढावे आणि तिथे सरळ वर उचलावे. एका बाजूने काम झाले की क्लब व्हाइसमध्ये फिरवून दुसऱ्या टोकापासून पुन्हा मध्याकडे ओढावे. अशाने टोक खाचेच्या शेवटावर कधीच आदळत नाही, म्हणून घसरतही नाही. शिवाय दोन्ही बाजूंचे ओढ मध्यभागी एकमेकांवर येतात आणि सगळ्यात जास्त झीज असलेल्या भागाला आपोआप दुप्पट काम मिळते. तरीही शेजारच्या दोन्ही पट्ट्यांवर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावावेत. पहिल्या खाचेच्या वेळी त्यांचा उपयोग होतोच.

अवजार नेहमी आपल्याकडे ओढावे, पुढे ढकलू नये. अवजाराचा दांडा ओढण्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे झुकलेला असावा आणि टोक त्याच्या मागून फरफटत यावे. ढकलताना टोक धातूत रुतते, अडते, उसळते आणि तळावर आडव्या लाटा उमटवते. या लाटा एकदा उमटल्या की पुढचा प्रत्येक ओढ त्यांच्यावरून धडधडत जातो आणि त्या अधिकच खोल होतात. असे झाले तर जोर वाढवू नये. टोकाचा कोन किंचित बदलून अगदी हलक्या हाताने लाटा आधी घालवाव्यात आणि मगच पुढे जावे.

डावी-उजवीकडचा कल हा दुसरा शत्रू आहे. अवजार एका बाजूला जरासे जरी कलले तरी एकच भिंत कापली जाते. खाच खोल न होता सरकते, आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. यासाठी सर्वांत भरवशाची युक्ती मार्करची आहे. खाच काळ्या मार्करने आतून रंगवून वाळू द्यावी, अवजाराच्या केवळ वजनावर दोन ओढ द्यावेत आणि भिंगातून पाहावे. काळेपणा तळावरून गेला आणि भिंतींवर राहिला, तर सारे ठीक आहे. एका भिंतीवरून गेला, तर हात कललेला आहे. वरच्या दोन्ही कडांवरून आधी गेला, तर टोक खाचेसाठी रुंद आहे. अशा वेळी काम तिथेच थांबवून अवजार बदलावे, ‘जरा जोर लावला की आत जाईल’ या भरवशावर राहू नये. एवढी एक सवय लागली तर निम्मी नासाडी टळते. मी आजही प्रत्येक खाच रंगवल्याशिवाय खरवडत नाही.

जोर किती लावावा, हे कीस पाहून ठरवावे. टोकामागे राखाडी भुकटी पडत असेल तर जोर योग्य आहे. वळलेला धागा निघू लागला तर तो जास्त झाला. आवाजही ऐकावा: एकसारखी खरखर चांगली, किंचाळी वाईट. टोकाला यंत्राच्या तेलाचा एक थेंब लावल्यास किंचाळी थांबते. कीस तोंडाने फुंकू नये, ब्रशने झाडावा. वर क्रोमचा मुलामा असेल तर पहिले काही ओढ काहीच कापत नाहीत असे वाटते, कारण क्रोम हे खालच्या पोलादापेक्षा बरेच कठीण असते. इथे अधीर होऊन अंग टाकले की मुलामा अचानक फुटतो आणि टोक खालच्या मऊ धातूत खोल घुसते.

किती ओढ द्यावेत, याला ठरावीक आकडा नाही. तळावरचा काळा रंग सलग निघाला की प्लॅस्टिसिनचा नवा ठसा घ्यावा आणि वरच्या खाचेच्या ठशाशी ताडून पाहावा. ठशाची उंची जवळजवळ सारखी झाली की थांबावे. ‘जवळजवळ’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण क्षेत्रफळाची अट लक्षात घेता शेवटच्या किंचित फरकामागे धावण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त असतो. वरच्या चांगल्या खाचांना तर अवजार लावूच नये. पृष्ठभाग एकसारखा दिसावा म्हणून त्याही खरवडल्या, तर पुढच्या वेळी तुलना करायला मापच उरत नाही.

बर काढणे आणि शेवटची तपासणी

कितीही सांभाळले तरी कडेवर धातूची बारीक बर, म्हणजे टोचरी कोर, उठते. तीच बोटाला टोचते आणि ‘काय धार आली आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात ती चेंडूचे युरेथेनचे (मऊ प्लॅस्टिकसारखे) आवरण किसते आणि कडेच्या गोलाईचा नियमही मोडते. पितळी ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवावा. नंतर सपाट लाकडावर गुंडाळलेल्या ८०० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरचे एकदोन अगदी हलके हात त्याच दिशेने द्यावेत, त्याहून जास्त नाही, नाहीतर पट्टी गुळगुळीत होते. मग कापसाचा बोळा पृष्ठभागावरून खाचांना आडवा फिरवावा. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे बर अजून शिल्लक आहे.

क्लब धुऊन कोरडा करावा. मुलामा कापला गेलेल्या कार्बन पोलादाच्या खाचा उघड्या पडल्यामुळे लवकर गंजतात, म्हणून प्रत्येक खेळानंतर त्या पुसून तेलाचा हलका हात द्यावा. स्टेनलेस पोलादाला त्याची गरज नाही.

खेळण्याआधी एक जुना चेंडू घेऊन काही अर्धे फटके मारावेत आणि खाचांत पाहावे. चेंडूच्या आवरणाचा पांढरा चुरा थोडा दिसला तर चालेल, पण चेंडूवर बोटाला लागतील अशा समांतर रेघा उठल्या असतील तर पितळी ब्रश पुन्हा हातात घ्यावा.